पदार्थाच्या पोटात काय सरकतं? थ्रीडी स्कॅनवरून आतलं विरूपण मोजण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात इंजिनिअरिंगच्या मुलांना स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवतो. डिजिटल व्हॉल्यूम कोरिलेशन, म्हणजे डीव्हीसी, हा विषय वर्गात एकदा सहज काढला आणि तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. मुलांचे आहेतच. शिवाय टॉवेलच्या कारखान्यातले, रेडीमिक्स प्लांटवरचे आणि शेतीवाले लोकही विचारतात. तीच उत्तरं दर वेळी चहाच्या टपरीवर देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेली बरी.

सर, दोन वाक्यांत सांगा, हे आहे काय?

वस्तूवर भार येण्याआधी तिचा एक सीटी स्कॅन काढायचा आणि भार असताना दुसरा. मग पहिल्या स्कॅनमधला प्रत्येक लहानसा तुकडा दुसऱ्यात कुठे गेला ते कॉम्प्युटरने शोधायचं. तो किती सरकला, किती वळला, शेजाऱ्यापासून किती लांब गेला, यावरून आतल्या प्रत्येक ठिकाणचा स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेला बदल, काढता येतो. (तीन वाक्यं झाली, चालवून घ्या.)

स्ट्रेन गेज चिकटवला की भागत नाही का? एवढा खटाटोप कशाला?

स्ट्रेन गेज म्हणजे ताण मोजायची चिकटपट्टी. ती जिथे चिकटवली तिथलं सांगते, तेही पृष्ठभागावरचं. कॅमेऱ्याने पृष्ठभागाचे फोटो काढून तुलना करायची पद्धत 1980च्या दशकात अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात उभी राहिली. तिच्यात नमुन्यावर काळ्यापांढऱ्या रंगाचे ठिपके उडवतात आणि ठिपके कसे सरकतात ते पाहतात. पद्धत उत्तम आहे, आमच्या मुलांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यावरसुद्धा करून पाहिली आहे. पण तीही कातडीपाशीच थांबते.

पदार्थ तुटायला सुरुवात होते ती अनेकदा आत, जिथे एखादं छिद्र असतं, खडीच्या पाठीला सिमेंट नीट चिकटलेलं नसतं किंवा कास्टिंगमध्ये हवा अडकलेली असते. पृष्ठभागावर तडा दिसतो तोवर आतलं नाटक निम्मं संपलेलं असतं. 1999 साली ब्रायन बे आणि सहकाऱ्यांनी ही ठिपक्यांची कल्पना घनफळात नेली. त्यांनी घेतलं होतं स्पंजासारखं जाळीदार हाड, कारण त्यात रंग उडवायची गरजच नाही, जाळी हीच खूण.

मग हे दवाखान्यातल्या सीटीवर होईल का?

तत्त्व तेच आहे. 1971 मध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा स्कॅन झाला, त्याच घराण्यातलं हे. पण दवाखान्याच्या नेहमीच्या सीटीचा सर्वांत बारीक काप साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तिथे रुग्ण स्थिर, यंत्र फिरतं. मायक्रो-सीटीत उलटं: एक्स-रेचा स्रोत आणि डिटेक्टर जागेवर, नमुना टर्नटेबलवर फिरतो. नमुना स्रोताच्या जितका जवळ तितकं मोठेपण जास्त. व्हॉक्सेल, म्हणजे घनफळातला पिक्सेल, काही मायक्रॉनपर्यंत खाली आणता येतो.

त्याची किंमतही आहे. 2000 पिक्सेल रुंदीचा डिटेक्टर असेल तर व्हॉक्सेल 10 मायक्रॉनचा ठेवून तुम्हाला जेमतेम 20 मिलिमीटर रुंदीचा नमुना दिसेल. बारीक हवं तर लहान, मोठं हवं तर जाड. या ओढाताणीतून कुणाचीच सुटका नाही.

तुकडा कुठे गेला हे कॉम्प्युटरला कळतं कसं?

आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा डोळ्यांसमोर आणा. संक्रांतीचा दिवस, सातही नंदीध्वज निघालेत आणि तुम्ही गच्चीवरून पाच मिनिटांच्या अंतराने दोन फोटो काढलेत. पहिल्या फोटोतला पांढऱ्या बाराबंदीतला एक माणूस दुसऱ्यात शोधा म्हटलं तर अशक्य, पांढरे हजारो आहेत. पण एका माणसाऐवजी एक घोळका धरा: लाल साडी, शेजारी छत्री, खांद्यावर पोरगं, मागे फुगेवाला. हा घोळका दुसऱ्या फोटोत दहा हात पुढे, थोडा तिरका, थोडा पसरलेला असला तरी तुम्ही ओळखाल. कारण तेच शेजारी तसेच दुसरीकडे नसतात.

डीव्हीसी हेच करतं. एकट्या व्हॉक्सेलला ओळख नसते, तो फक्त एक करडा आकडा. 16 बिटच्या प्रतिमेत तो 0 ते 65,535 च्या मध्ये कुठेतरी असतो. जिथे एक्स-रे जास्त अडला तिथे उजळ, जिथे सहज गेला तिथे काळा. म्हणून बेसाल्टची खडी उजळ, सिमेंटची पेस्ट करडी, हवेचं छिद्र काळं. पण प्रत्येक बाजूला 48 व्हॉक्सेल असा घनाकार तुकडा घेतला, की त्यात 1,10,592 आकडे येतात आणि तो घोळका एकमेव होतो. कॉम्प्युटर हा तुकडा दुसऱ्या स्कॅनमध्ये इकडेतिकडे ठेवून पाहतो, वळवतो, ताणतो आणि जिथे आकडे सगळ्यांत चांगले जुळतात ती जागा पक्की करतो. व्हॉक्सेलच्या मधल्या किमती गणिताने भरल्या जातात, म्हणून उत्तर 3 किंवा 4 व्हॉक्सेल असं न येता 3.27 असं येतं. पद्धतीची सगळी ताकद त्या दशांश चिन्हानंतर आहे.

यात दोन पंथ आहेत. काही जण प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे शोधतात. दुसरे आख्ख्या घनफळावर फायनाइट एलिमेंटसारखी, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या लहान तुकड्यांची, जाळी टाकतात आणि शेजारचे तुकडे एकमेकांपासून फाटणार नाहीत अशी अट घालून सगळं एकदम सोडवतात. दुसऱ्यात उत्तर गुळगुळीत येतं. पण तडा असेल तिथे ती अटच खोटी ठरते, हे विसरू नका.

किती बारीक हालचाल कळते?

खूण चांगली असेल तर व्हॉक्सेलच्या विसाव्या भागाइतकी, म्हणजे 0.05 व्हॉक्सेल. 10 मायक्रॉनच्या व्हॉक्सेलला हा अर्धा मायक्रॉन झाला. ऐकायला भारी वाटतं आणि इथेच लोक फसतात, कारण विस्थापन वेगळं आणि स्ट्रेन वेगळा.

हिशोब करून पाहू. 64 व्हॉक्सेल अंतरावरच्या दोन बिंदूंच्या विस्थापनातला फरक भागिले 64, हा स्ट्रेन. दोन्ही टोकांना 0.05 ची चूक धरली तर स्ट्रेनमधली चूक साधारण 0.0011 येते. आता काँक्रीटच्या डिझाइनचा आयएस 456 या भारतीय मानकातला आलेख आठवा. दाबाखाली तो 0.002 स्ट्रेनला सपाट होतो आणि 0.0035 ला संपतो. म्हणजे काँक्रीट पूर्ण ताकदीला पोचलं तरी त्याचा स्ट्रेन आपल्या चुकीच्या दुपटीलाही पोचत नाही! ताणाखाली तर ते 0.0001 च्या आसपासच तडकतं. त्याआधीचं इलॅस्टिक वर्तन या पद्धतीने मोजलं असं कुणी प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत सांगितलं, तर मी शांतपणे पुढचा प्रश्न विचारतो, तो असा की शून्य चाचणीत किती आलं?

तुकडा मोठा घेतला तर चूक कमी होते, पण तपशील पुसट होतो. फोम, हाड, रबर, माती यांचे स्ट्रेन टक्क्यांत असतात, तिथे ही अडचण येत नाही.

काँक्रीटमध्ये मात्र दुसरी गंमत सापडते. तडा उघडतो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजू उलट दिशांना सरकतात आणि विस्थापनात पायरी पडते. ती पायरी पाव व्हॉक्सेलची, म्हणजे अडीच मायक्रॉनची असली तरी पकडता येते. प्रतिमेत त्या जागी डोळ्याला काहीच दिसत नसतं. न दिसणारा तडा दाखवणं हेच काँक्रीटमधलं डीव्हीसीचं खरं काम आहे.

शून्य चाचणी म्हणजे?

काहीही न करता दोनदा स्कॅन काढायचा. भार नाही, नमुन्याला हात लावायचा नाही. मग या दोन स्कॅनवर डीव्हीसी चालवायचं. उत्तर सगळीकडे शून्य यायला हवं. ते येत नाही. जे येतं ती तुमची चूक, आणि तुमच्या पुढच्या सगळ्या निकालांची पातळी तिथून वर सुरू होते.

माझा पहिला अनुभव सांगतो. मॉर्टरचा छोटा दंडगोल घेऊन दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत गेलो होतो. मशीनची वेळ मोजकी मिळालेली, म्हणून सकाळी मशीन सुरू झाल्या झाल्या पहिला स्कॅन लावला. लगेच दुसरा. डीव्हीसीने सांगितलं, नमुना फुगलाय. तिन्ही दिशांना सारखाच, साधारण 0.0005. भार तर शून्य! रात्रभर मी पॉसाँ रेशोची गणितं मांडत बसलो. सिमेंट अजून पाणी पितंय का, असाही विचार करून झाला. मग लक्षात आलं की तिन्ही दिशांना तंतोतंत सारखी वाढ ही पदार्थाची सवय नव्हे, ही भिंगाची सवय आहे. स्रोत तापत गेला की एक्स-रे जिथून निघतात तो बिंदू थोडा सरकतो. नमुना स्रोतापासून 40 मिलिमीटरवर असताना तो बिंदू 20 मायक्रॉन जरी पुढे आला तरी मोठेपण बदलून सगळं 0.0005 ने फुगलेलं दिसतं. चूक मशीनची नव्हती, घाई माझी होती. आता मशीन काही तास तापल्याशिवाय मी पहिला स्कॅन धरत नाही आणि नमुन्याशेजारी आकार न बदलणारी एखादी वस्तू, काचेची किंवा माणकाची गोळी, ठेवतो. गोळी फुगली तर समजायचं, दोष मोठेपणाचा.

शून्य चाचणी एकदा झाली म्हणजे झाली असंही नाही. नमुना मुद्दाम दोन-चार व्हॉक्सेल सरकवून पुन्हा करा. जागच्या जागी केलेल्या चाचणीत डिटेक्टरच्या ठरलेल्या डागांमुळे निघणाऱ्या वर्तुळाकार रेषा दोन्ही स्कॅनमध्ये त्याच जागी असतात. कॉम्प्युटर त्यांनाच खूण समजतो आणि चूक खोटी कमी दाखवतो.

काँक्रीटचा क्यूब आहे तसा ठेवता येईल का?

150 मिलिमीटरचा? बहुतेक मशीनमध्ये नाही. तेवढ्या जाडीतून एक्स-रे पलीकडे पोचवायला ताकद खूप लागते. पोचले तरी मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरण वाटेत गळून फक्त कडक किरण पुढे जातात. त्यामुळे क्यूबची कड उजळ आणि मध्य काळपट दिसतो, जणू आत घनता कमी आहे. वर व्हॉक्सेल 75 मायक्रॉनच्या पुढे जातो.

मग लहान कोअर, म्हणजे भोक पाडून काढलेला दंडगोल, काढायचा. पण आपल्याकडची खडी बेसाल्टची, 20 मिलिमीटरची. 20 मिलिमीटरच्या कोअरमध्ये कधी निम्मी एकच खडी येते, कधी नुसतं मॉर्टर. त्याला काँक्रीट म्हणायचं का? मी म्हणत नाही. 10 मिलिमीटरखालची खडी वापरून वेगळं मिश्रण बनवा, नाहीतर खडी आणि मॉर्टरमधला सांधा हाच अभ्यासाचा विषय करा. दुसरा पर्याय जास्त प्रामाणिक. आपल्या दख्खनी बेसाल्टमध्ये वायूचे फुगे राहून झालेली छिद्रं असतात, काहींत झिओलाइट हे पांढरं खनिज भरलेलं असतं. डीव्हीसीला यापेक्षा चांगल्या खुणा कुठे मिळायच्या? खाणीवाल्यांना जो दगड नकोसा वाटतो, तो मला हवा असतो.

टॉवेल किंवा चादरीवर करता येईल का?

कारखान्यातल्या मित्राचा हा प्रश्न, आणि माझा सर्वांत आवडता. टेरी टॉवेलच्या लूप दाबल्यावर कशा आडव्या होतात, दहा धुण्यांनंतर किती परत उभ्या राहतात, हे आतून पाहता येतं. कापूस एक्स-रे फार अडवत नाही, म्हणून कमी केव्हीवर, म्हणजे कमी व्होल्टेजच्या मऊ किरणांवर, स्कॅन करावा लागतो. कापसाचा तंतू साधारण 12 ते 20 मायक्रॉनचा. एकेक तंतू पाहायचा तर व्हॉक्सेल पाचेक मायक्रॉनचा हवा आणि मग टॉवेलचा सेंटीमीटरभर तुकडाच दिसतो. नुसतं सूत पाहायचं तर एवढं नको.

चादरीत खरी गोची आहे. मघाशी म्हटलं तसं, घोळका एकमेव असायला हवा. विणीत तो नसतो. ताणा-बाणा दर अर्ध्या मिलिमीटरला तसाच, जॅकार्डची नक्षी पुन्हा तीच. सेंटीमीटरला 20 धागे असतील तर दोन धाग्यांतलं अंतर अर्धा मिलिमीटर, 10 मायक्रॉनच्या व्हॉक्सेलला 50 व्हॉक्सेल. कापड एका टप्प्यात 25 व्हॉक्सेलपेक्षा जास्त सरकलं, की कॉम्प्युटरला शेजारचा धागा जास्त जवळचा वाटतो. तो बिनदिक्कत त्यालाच धरतो आणि जुळणीचे गुणही उत्तम दाखवतो. चूक आहे हे कळायला मार्ग नाही, फक्त निकालात बरोबर एका धाग्याएवढी उडी दिसते. उपाय म्हणजे ताण थोडा थोडा द्यायचा, दर टप्प्याला स्कॅन, आणि तुकडा नक्षीच्या एका घरापेक्षा मोठा. कापसाच्या सुताची लव आणि जाडबारीकपणा इथे मदतीला येतो. प्रत्येक धागा थोडा वेगळा वागतो. पॉलिस्टर फिलॅमेंट इतकं एकसारखं असतं की त्यावर हे काम करताना डोकं धरायची वेळ येते. विणलेल्या काच-तंतूंच्या कंपोझिटमध्येही हीच डोकेदुखी आहे.

काळ्या मातीचं काय?

उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याबद्दल विचारणारे बरेच आहेत. चिकणमातीचा कण 2 मायक्रॉनखालचा, तो स्कॅनमध्ये दिसत नाही, सगळं एकसारखं करडं. पण आपल्या मातीत वाळूचे कण आणि चुनखडीचे बारीक खडे विखुरलेले असतात, ते उजळ ठिपक्यांसारखे उठून दिसतात. ओली माती नळीत भरायची, सुकू द्यायची आणि अधूनमधून स्कॅन. बाहेरचा थर आधी सुकून आक्रसतो, आतला ओला गाभा त्याला आडवा येतो, आणि या ओढाताणीत भेग पडते. ही आक्रसण्याची प्रक्रिया थरागणिक पाहता येते. स्ट्रेन टक्क्यांत असल्याने मोजणंही सोपं.

कडक भाकरी?

हसू नका, खरंच विचारलं आहे. हो, होईल. आतली छिद्रं छान खुणा आहेत. फक्त स्कॅनला तास-दीड तास लागतो आणि तेवढ्यात भाकरी हवेतला ओलावा घेऊन मऊ पडू शकते, म्हणून बंद डब्यात. शेंगा चटणी स्कॅननंतर.

हाडावर किंवा जिवंत पेशींवर?

हाडावरच याची सुरुवात झाली. फक्त हाड सुकू द्यायचं नाही आणि किरणांची मात्रा जपायची, कारण जास्त मात्रेने हाडातलं कोलॅजन बिघडतं आणि हाड ठिसूळ होतं. मग आपण मोजतो ते हाड नसतं, आपणच केलेलं नुकसान असतं. पेशींसाठी सीटी नको. तिथे जेलमध्ये चमकणारे कण मिसळून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने थ्रीडी प्रतिमा घेतात, पुढचं गणित तेच.

स्कॅन चालू असताना भार कसा देतात?

नमुन्याभोवती नळी असते, ॲक्रिलिकची किंवा कार्बन फायबरची, म्हणजे किरण आरपार जातील. भाराची वाट त्या नळीतून परत जाते, लोखंडी खांब मध्ये येऊन चालत नाहीत. भार देऊन थांबायचं, लगेच स्कॅन नाही. पदार्थ काही काळ सैलावत राहतो आणि स्कॅन चालू असताना तो हलला तर सगळं धूसर. 2000 पिक्सेलच्या डिटेक्टरला तीनेक हजार फोटो लागतात, हिशोब करा.

मे महिन्यात एसी बंद-चालू झाला तर? ॲक्रिलिक एका अंशाला लाखात सातने वाढतं. 40 मिलिमीटरची नळी 5 अंशांनी तापली तर 14 मायक्रॉन लांब झाली, म्हणजे तुमच्या हिशोबात जवळजवळ दीड व्हॉक्सेल. आपल्याकडच्या बेचाळीस अंशांत ही गोष्ट पुस्तकी राहत नाही.

सॉफ्टवेअर विकतच घ्यावं लागतं का?

नाही. ग्रेनोबलच्या संशोधकांनी पायथनमध्ये बनवलेलं मोफत पॅकेज आहे, नाव स्पॅम. ईमेलमधलं नव्हे. मॅटलॅबवाल्यांसाठी एएल-डीव्हीसी आहे. अडचण सॉफ्टवेअरची कमी, मेमरीची जास्त. प्रत्येक बाजूला 2000 व्हॉक्सेल म्हणजे 800 कोटी व्हॉक्सेल, 16 बिटला 16 जीबी, आणि असे निदान दोन स्कॅन एकाच वेळी. हॉस्टेलच्या लॅपटॉपवर सुरू करायचं तर आधी मधला छोटा भाग कापून घ्या.

अहवालात सुंदर रंगीत चित्र आलंय. विश्वास ठेवू का?

लाल-निळ्याच्या आधी तीन गोष्टी पाहा: व्हॉक्सेल किती, तुकडा केवढा, शून्य चाचणीत किती आलं. शेवटचा आकडा नसेल तर चित्र फ्रेम करून भिंतीला लावायला हरकत नाही. नमुन्याच्या कडेला आणि मोठ्या छिद्रांत दिसणारे झळाळते स्ट्रेन बहुधा खोटे असतात, कारण तिथे अर्धा तुकडा हवेत असतो आणि हवेला खूण नसते.

रेडिएशनचा धोका?

मशीन शिशाच्या बंद कपाटात असतं, दार उघडलं की एक्स-रे बंद. अशा यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू असतात. स्कॅन झालेला नमुना किरणोत्सारी होत नाही, खिशात घालून घरी नेऊ शकता.

विद्यार्थी म्हणून सुरुवात कुठून करू?

मशीन लागत नाही. एखादा मोफत मिळणारा सीटी डेटा घ्या, कॉम्प्युटरवरच त्याला ठरावीक स्ट्रेन देऊन दुसरा खोटा स्कॅन बनवा, त्यात थोडा गोंगाट मिसळा आणि डीव्हीसीला विचारा किती ताणलंय. उत्तर तुम्हाला आधीच माहीत असतं, त्यामुळे फसवाफसवी चालत नाही. पुढे जास्त वेगवान स्कॅन हवे असतील तर इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे अतिशय प्रखर एक्स-रे देणारं यंत्र, आहे, तिथे इमेजिंगची बीमलाइन, म्हणजे त्या किरणांची प्रयोगवाट, आहे.

नमुना पाठवताना काय काळजी घेऊ?

गोल कापा, चौकोनी नको. कोपऱ्यांतून किरणांचा मार्ग लांबतो. वर कुठली बाजू ते पेन्सिलने खुणा, धातूच्या पट्टीने नाही. खाली दुहेरी टेप लावू नका, ती तासाभरात हळूहळू दबते आणि नमुना झुकतो. थोडा इपॉक्सी लावा आणि रात्रभर वाळू द्या. आणि एकाऐवजी तीन नमुने पाठवा. एक वाटेत फुटतो, एक भार देताना चुकून आधीच तुटतो.